तिसऱ्याचा रकाना

भिवंडीतल्या एका गोदामात दोन यंत्रं समोरासमोर अडली होती. बुटकी, चाकांवर चालणारी, पाठीवर मालाची मांडणी वाहणारी. मधे एकच अरुंद बोळ. वाट अडलेली दिसली की मागे सरायचं, थोडं थांबायचं, मग पुढे यायचं, एवढंच त्यांना शिकवलेलं. त्यामुळे दोन्ही एकदम मागे सरत, सारखाच वेळ थांबत आणि एकदमच पुढे येत. लखनवी नवाबांच्या 'पहले आप'च्या गोष्टीत निदान गाडी तरी निघून जाते. इथे काहीच सुटत नव्हतं. शेवटी गोदामातला मुकादम एकाला हाताने ढकलून बाजूला करायचा आणि आमच्या नावाने काहीतरी पुटपुटायचा.

मी तेव्हा पुण्यात एका कंपनीत या यंत्रांची सिम्युलेशन्स लिहीत होते. उपाय सोपा निघाला. प्रत्येक यंत्राला क्रमांक होताच. ज्याचा लहान, त्याने आधी जायचं. कोंडी सुटली, ग्राहक खूश, आम्ही पुढच्या कामाला लागलो. नंतर सहज आकडे चाळताना दिसलं, की मोठ्या क्रमांकांची यंत्रं दिवसभर कुणाला ना कुणाला वाट देत उभीच असतात. यंत्रांची काही तक्रार नव्हती. कंपनीचीही नव्हती, कारण एकूण माल वेळेत हलत होता. हे एकदा दिसल्यावर मात्र मी बाकीच्या प्रकल्पांमधले 'एकूण' आकडेही उसवून बघायला लागले. कामाच्या वेळात चाललेला हा उद्योग मॅनेजरना फारसा आवडला नाही. मग तो पगाराशिवाय करता येईल अशी जागा शोधणं आलं, आणि अशा जागेला पीएच.डी. म्हणतात.

अर्जात मी गोदाम लिहिलं नाही. अर्जात पांझरा नदी घातली. आजोबांची जमीन, बंधारा, पाट, गावाने मिळून वाटून घेतलेलं पाणी. परदेशी विद्यापीठांना अशी गोष्ट आवडते, असं ज्याने त्याने सांगितलं होतं, आणि ते खरं असावं, कारण टोरांटोहून होकार आला. त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त ती माझी वाट नव्हती. माझी वाट भिवंडीवरून गेली. पांझरेला मी पुष्कळ नंतर आणि उलट्या बाजूने पोचले.

टोरांटो निवडताना शिष्यवृत्ती किती, हाच मुख्य विचार होता. अनातोल रापोपोर्ट इथले, हे येऊन स्थिरावल्यावर कळलं. युक्रेनमधल्या लोझोवा गावी १९११ साली जन्मलेला हा माणूस आधी पियानोवादक. व्हिएन्नात शिकला, मग गणिताकडे वळला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई दलातून अलास्कात आणि भारतातही राहून आला. पुढे व्हिएतनाम युद्धाविरुद्ध उभा राहिला आणि १९७० मध्ये अमेरिका सोडून टोरांटोला आला, तो २००७ मध्ये इथेच वारला. आमच्या विषयात, म्हणजे सहकार्य कसं जमतं याच्या अभ्यासात, मात्र त्याचं नाव घेतात ते एका एवढ्याशा प्रोग्रामसाठी.

आमच्या विषयाचा डोलारा ज्या खेळावर उभा आहे तो खेळही एवढासाच आहे. दोन खेळाडू. प्रत्येकाने साथ द्यायची किंवा दगा. दोघांनी साथ दिली तर तीन-तीन गुण. दोघांनी दगा दिला तर एक-एक. एकाने साथ आणि दुसऱ्याने दगा दिला, तर दगाबाजाला पाच आणि साथ देणाऱ्याला शून्य. समोरचा काहीही करो, दगा देण्यातच आपला फायदा. आणि दोघंही असा शहाणपणा करतात म्हणून दोघांच्याही पदरात एकेकच पडतो. मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर या रँड संस्थेतल्या दोघांनी १९५० साली हा पेच मांडला आणि आपल्या दोन परिचितांना तो शंभर डाव खेळायला लावला. गणिताप्रमाणे शंभरही वेळा दगा व्हायला हवा होता. साठ डावांत दोघांनीही साथ दिली. ते साठ डाव समजून घेण्यात पुढची सत्तर वर्षं आणि माझ्यासारख्या कित्येकांची उमेदीची वर्षं खर्ची पडली आहेत.

रॉबर्ट ॲक्सेलरॉड या राज्यशास्त्रज्ञाने हाच खेळ संगणकावर आणला. तज्ज्ञांकडून प्रोग्राम मागवले आणि त्यांना आपसांत झुंजवलं. पहिल्या स्पर्धेत चौदा प्रोग्राम आले. काही भलतेच धूर्त होते, समोरच्याचा अंदाज बांधणारे, अधूनमधून गुपचूप दगा देऊन बघणारे. जिंकला तो सगळ्यांत छोटा, रापोपोर्टचा. पहिल्या डावात साथ द्यायची, त्यानंतर समोरच्याने मागच्या डावात जे केलं तेच करायचं. जशास तसं. निकाल सगळ्यांना कळवून ॲक्सेलरॉडने दुसरी स्पर्धा घेतली. या वेळी बासष्ट प्रोग्राम आले, आणि पुन्हा तोच जिंकला. जीवशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड स्मिथ यांनी अधिक क्षमाशील प्रोग्राम पाठवला होता, लागोपाठ दोनदा दगा झाल्यावरच उलटणारा. पहिल्या स्पर्धेत असता तर तो जिंकला असता. दुसरीत त्याचा नंबर चोविसावा लागला, कारण आता मैदानात अशा भल्या माणसांना हेरणारे लोक उतरले होते.

हे सगळं कुठल्याही पाठ्यपुस्तकात असतं. मला त्यातली वेगळीच गोष्ट चकित करून गेली. जशास तसं खेळणारा कुणालाही हरवत नाही. हरवूच शकत नाही. समोरच्यापेक्षा जास्त गुण त्याला कोणत्याही सामन्यात मिळू शकत नाहीत, फार तर बरोबरी. तरी बेरजेत पहिला येतो, कारण त्याच्याबरोबर खेळणाऱ्यांचंही बरं चालतं. मेरिट लिस्टच्या वातावरणात वाढलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो.

त्याची एक खोड आहे. ऐकण्यात, बघण्यात जरा गफलत झाली, साथीला दगा समजलं गेलं, की असे दोन प्रोग्राम एकमेकांवर उलटत राहतात आणि भाऊबंदकीसारखं ते संपतच नाही. १९९२ मध्ये मार्टिन नोवाक आणि कार्ल सिग्मुंड यांनी दाखवलं, की अशा गोंगाटात थोडं औदार्य लागतं: साधारण तीन दग्यांपैकी एक सोडून द्यायचा. क्षमेचं प्रमाण एक तृतीयांश! ज्या शास्त्रात असं वाक्य लिहिता येतं ते आपल्याला जमेल, असं मला वाटलं.

मी जे करते त्यात कुणी डावपेच लिहून देत नाही. एजंट, म्हणजे स्वतः निर्णय घेणारे प्रोग्राम, एका छोट्या चौकटीच्या जगात सोडायचे, काय केलं की गुण मिळतील तेवढं ठरवायचं आणि त्यांना लाखो वेळा चुकू द्यायचं. डीपमाइंडच्या गटाने २०१७ मध्ये असं एक जग बनवलं होतं: सफरचंदं वेचायची, आणि शेजाऱ्यावर किरण सोडून त्याला थोडा वेळ खेळाबाहेरही काढता येतं. फळं भरपूर असली की एजंट गपगुमान वेचतात. फळं कमी पडली की किरण सुरू होतात. पुढच्या वर्षी आलेल्या दुसऱ्या एका जगात नदी होती. नदीत घाण साठत जाते, घाण वाढली की बागेत फळ धरत नाही. नदी साफ करायला गेलेल्याला तेवढा वेळ फळं मिळत नाहीत. फळं खाणाऱ्याला नदीकडे जायचं कारण नसतं.

या नदीकाठी मी फार काळ काढला. पहिल्यांदा सगळे बागेतच घुटमळतात, नदी नासते, बाग वांझ होते आणि गुणांची रेघ जमिनीला टेकून सरळ चालत राहते. सर्व्हरचा वेळ त्यात जातो. पैसे विद्यापीठाचे असले तरी जीव आपला तुटतो. त्याच जगावरच्या २०१८ च्या एका पेपरमध्ये एजंटांना विषमतेची बोच दिली होती. आपल्याला इतरांपेक्षा जास्त मिळालं तर खंत वाटावी, कमी मिळालं तर असूया. नदीच्या खेळात खंत उपयोगी पडली; खंतावलेले एजंट नदीवर जाऊ लागले. फळं संपवू नका, जपून वेचा, अशा दुसऱ्या खेळात असूया कामाला आली. असूयेने पेटलेले एजंट हावरटांना शिक्षा करू लागले. नीतिशास्त्राच्या पुस्तकांनी वाईट ठरवलेल्या भावनेला असं काम मिळालेलं बघून मला उगाच बरं वाटलं.

मग एकदा माझ्या ग्राफची रेघ वर गेली. बाग बहरली, नदी स्वच्छ, एकूण गुण भरपूर. मी सवयीने तो आकडा उसवून बघितला. एकच एजंट नदीत उभा होता, पहिल्यापासून शेवटपर्यंत. बाकीचे खात होते. भिवंडीतलं मोठ्या क्रमांकाचं यंत्र इथेही होतं, आणि या वेळी त्याला क्रमांक मी दिलेला नव्हता.

माझ्या गाईडने, एका स्पष्टवक्त्या बाईने, तो ग्राफ बघून सांगितलं, की थोडे दिवस कोड बंद कर आणि एलिनॉर ऑस्ट्रॉम वाच. ऑस्ट्रॉमनी पीएच.डी. लॉस एंजेलिसजवळच्या भूजलावर केली, १९६५ मध्ये. पुढे नेपाळमधल्या पाटांवर काम केलं, १९९० मध्ये सामाईक संपत्तीवरचं त्यांचं पुस्तक आलं आणि २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. लोकांना एकत्र आणायला एक तर सरकारचा दंडा लागतो किंवा बाजाराची किंमत, हे त्यांनी मान्य केलं नाही. लोक स्वतः नियम करतात, राखणदार नेमतात, आणि पहिल्या चुकीला थोडी, पुढच्या चुकीला जास्त शिक्षा करतात, हे त्यांनी गावोगावच्या नोंदींतून दाखवलं. पाटपाण्यावरचं असं वाचत वाचत पुढे गेले तर एका पानावर पांझरा होती. मोसम, आरम, कान आणि पांझरेवरची फड पद्धत. तीनेकशे वर्षांची. अर्जात जी मी शोभेला लावली होती ती.

त्या उन्हाळ्यात साक्रीकडे गेल्यावर मी आजोबांच्या धाकट्या भावाला, आप्पांना, गाठलं. त्यांनी आधी मलाच विचारलं, "तू तठे काय करस?" मी सांगितलं, संगणकातली माणसं भांडणार नाहीत असं बघते. त्यांना ते हास्यास्पद वाटलं नाही. म्हणाले, तेच काम फडात असायचं. गावची भिजणारी जमीन तीन-चार फडांत वाटलेली आणि एका फडात एकच पीक. प्रत्येकाची पट्टी प्रत्येक फडात, म्हणजे ऊस कुठे आणि ज्वारी कुठे यावरून कुणी एकटा खूश किंवा एकटा नाराज व्हायचा नाही. पाणी शेतकऱ्याने स्वतः घ्यायचंच नाही. जागल्या देणार, सगळ्यांना ओळीने. वर पाटकरी, त्यावर हवालदार. हंगामाआधी पाटातला गाळ काढायला सगळ्यांनी जायचं.

मी वहीत भराभर लिहून घेत होते. माझ्या नदीवर जे जमत नव्हतं त्याचं उत्तर इथे होतं. नदीकडे कुणी जायचं हे एजंटांच्या मनावर सोडायचंच नाही. खंत नको, असूया नको. एक जागल्या हवा आणि त्याचं पोट सगळ्यांच्या धान्यावर भरायला हवं. सहज म्हणून विचारलं, "जागल्याचं शेत कोणत्या फडात असायचं?"

"त्याचं कसलं शेत," आप्पा म्हणाले.

पुढे वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, पुष्कळ ठिकाणी फड विस्कटले. त्याबद्दल आप्पा बराच वेळ बोलले. माझं लक्ष त्या वाक्याभोवती फिरत होतं.

आमचे पप्पा पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांना मी फोनवर कैद्यांची गोष्ट सांगितली. साथ-दग्याच्या त्या खेळाला ही गोष्ट आल्बर्ट टकर यांनी १९५० मध्ये जोडली; तोवर तो नुसता आकड्यांचा तक्ता होता. दोन साथीदार पकडले जातात, वेगवेगळ्या खोल्यांत बसवले जातात, प्रत्येकाला सांगतात की तू कबूल केलंस आणि तो गप्प राहिला तर तुला सोडू. पप्पा म्हणाले, "हे तर आम्ही नेहमीच करायचो." मग थोडं थांबून विचारलं, "पण चोरी केली होती की नाही त्यांनी?"

वर्गात हा प्रश्न मी कधी ऐकला नव्हता. आम्ही सगळे त्या दोघांच्या बाजूने असतो. त्यांनी एकमेकांना साथ द्यावी, तोंड उघडू नये, तीन-तीन गुण घ्यावेत, असं आम्हाला मनापासून वाटतं. ज्याच्या घरी चोरी झाली त्याला त्या तक्त्यात रकानाच नाही. पप्पांची सगळी नोकरी त्या रकान्यात गेली होती, म्हणून त्यांना तो चटकन दिसला.

त्यानंतर मी आधी वाचलेलंच पुन्हा वाचायला घेतलं. २००४ मध्ये ॲक्सेलरॉडच्या स्पर्धेची विशी साजरी करताना साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या गटाने साठ प्रोग्राम उतरवले. ते सुरुवातीच्या काही चालींवरून एकमेकांना ओळखायचे. ओळख पटली की एक जण मुद्दाम हरायचा आणि दुसऱ्याला गुण द्यायचा. पहिले तिन्ही नंबर त्यांचे, आणि त्यांचेच कितीतरी भाऊबंद यादीच्या तळाशी. बातम्यांमध्ये या सहकार्याचं कौतुक झालं. आमच्याकडे निवडणुकीत डमी उमेदवार उभे करतात त्याचं कुणी गणिती म्हणून कौतुक करत नाही.

त्याहून बोचरा होता २०२० चा एक पेपर, बोलोन्याच्या अर्थशास्त्रज्ञांचा. त्यांनी दोन साधे शिकणारे प्रोग्राम घेतले, त्यांना दुकानदार बनवलं आणि भाव ठरवायला सांगितलं. एकमेकांशी बोलायची सोय नाही, संगनमत करा असं कुणी सांगितलेलं नाही. भाव स्पर्धेच्या पातळीपेक्षा वर गेले आणि वरच राहिले. एकाने भाव पाडला की दुसरा त्याला शिक्षा करायचा, आणि मग दोघंही हळूहळू जुन्या भावाकडे परतायचे. शिक्षा आणि क्षमा: माझ्या एजंटांमध्ये हेच दिसलं की मी गाईडला आनंदाने मेल करत होते. इथे त्याच दोन गुणांचा अर्थ होता गिऱ्हाइकाच्या खिशाला कात्री. लासलगावच्या लिलावात ट्रॅक्टरशेजारी उभा राहून व्यापाऱ्यांची तोंडं न्याहाळणाऱ्या कांदा उत्पादकाला हा पेपर वाचायची गरज पडणार नाही.

दरम्यान जग पुढे गेलं. आता सफरचंदं वेचणाऱ्या ठिपक्यांऐवजी भाषा बोलणारे एजंट आले. ते वाटाघाटी करतात, मेल लिहितात, उद्या आपल्या वतीने तिकिटं आणि किराणाही घेतील. त्यांच्यावरचे प्रयोग वाचताना करमणूक होते. जीपीटी-४ ला कैद्यांचा खेळ खेळवला, तर समोरच्याने एकदा दगा दिल्यावर ते पुढे कायम दगा देत राहिलं. २०२४ मधल्या एका प्रयोगात भाषा-प्रतिमानांना एका तळ्यावरचे कोळी केलं. बहुतेकांनी तळं रिकामं केलं. 'सगळेच असं वागले तर काय होईल' हा विचार त्यांच्यापुढे ठेवल्यावर तळं जास्त टिकलं. हा प्रश्न कांटने विचारला होता असं माझी गाईड म्हणते. माझी आजी ओट्यावरचं पाणी सांडणाऱ्याला तो रोज विचारायची. पण 'सगळेच' म्हणजे कोण, हे दोघांनीही उघड केलेलं नाही. तळ्यावरच्या कोळ्यांनी बसून ठरवलं आणि मासा कायमचा महाग केला, तर या प्रयोगात त्यांना पैकीच्या पैकी गुण मिळतील.

म्हणून माझ्या प्रबंधाची दिशा बदलली. एजंटांनी एकमेकांना साथ कशी द्यावी, हा प्रश्न मी अर्धवट सोडला. त्यावर हुशार लोक पुष्कळ आहेत. साथीचं बिल कोण भरतं, ते कुठे नोंदवायचं, हे माझ्या वाट्याला घेतलं. हे नवं नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत सुरू केली तेव्हा हा रकाना त्यांनी सरळ आखून टाकला होता. पाणी जमिनीवर नाही, डोक्यावर मोजायचं: माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. आणि ज्याला जमीनच नाही त्यालाही पाण्यात वाटा. फडाने पट्ट्या समान केल्या. साळुंख्यांनी पट्टी नसलेल्या माणसालाही मोजलं. आमच्या क्षेत्रातल्या परिषदांमध्ये पाणी पंचायतीचं नाव मी अजून ऐकलेलं नाही. मी ते दोनदा घुसडलं आहे. एका परीक्षकाने 'हा भाग परिशिष्टात हलवावा' असा शेरा मारला. परिशिष्टात हलवलेला नाही.

सध्या माझ्या बागेत एक गिऱ्हाईक आहे. त्याला नदी साफ करता येत नाही, फळं वेचता येत नाहीत. ते फक्त विकत घेतं. एजंटांनी आपसांत जमवून घेतलं की गिऱ्हाइकाची रेघ कुठे जाते, हे आता मी प्रत्येक ग्राफवर दुसऱ्या रंगात काढते. बऱ्याचदा दोन रेघा कात्रीसारख्या उघडतात. गिऱ्हाइकाचं नुकसान एजंटांच्या गुणांतून वजा केलं तर कात्री मिटते, पण मग एजंट नदीकडेही फिरकेनासे होतात. वजा किती करायचं, तो आकडा मी हाताने घातलेला आहे. परवाच्या बैठकीत समितीतल्या एका प्राध्यापकांनी नेमकं तेच धरलं: हा आकडा कुणी ठरवला? मी म्हटलं, मी. ते म्हणाले, आणि गिऱ्हाइकाला विचारलं का?

विचारलं नव्हतं. त्याला काही म्हणता येईल अशी सोयच कोडमध्ये नव्हती. ती आता लिहिते आहे: भाव पटला नाही तर न घेण्याची मुभा, आणि दोन-तीन गिऱ्हाइकं असली तर त्यांनीही एकमेकांना साथ द्यायची की नाही ते त्यांचं त्यांनी बघायचं. गाईडचा अंदाज आहे की सगळा बाजार बंद पडेल. माझा तसा नाही. सर्व्हर गुरुवारी रात्री मिळणार आहे.